भस्मीकरण-राखेतील सेंद्रिय विषद्रव्ये

भस्मीकरण-राखेतील सेंद्रिय विषद्रव्ये : घरगुती, रुग्णालयीन व औद्योगिक कचरा भट्टीत जाळल्यानंतर मागे राहणाऱ्या राखेत अत्यल्प प्रमाणात आढळणारी, परंतु सजीवांना अतिशय घातक अशी कार्बनी संयुगे. क्लोरीनयुक्त डायॉक्सिने व फ्यूराने, बहुक्लोरिनित बायफिनिले, क्लोरोबेंझिने, क्लोरोफिनॉले आणि बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने हे त्यांतील प्रमुख गट होत. कचऱ्याच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात असल्या, तरी त्यांच्या राखेत डायॉक्सिने असतात हे १९७७ मध्ये प्रथम उघड झाले. तेव्हापासून राखेच्या विश्लेषणाची जी प्रगती झाली, तिच्यातून एक गोष्ट उत्तरोत्तर स्पष्ट होत गेली. ती म्हणजे, धूर जितका स्वच्छ करावा, तितके त्यातील विष राखेत साठते. त्यामुळे केवळ धुराचे मापन करून भस्मीकरणाचा हिशेब पुरा होत नाही.

राखेविषयीची पूर्वापार धारणा : अग्नीने पदार्थ शुद्ध होतो व राख निरुपद्रवी असते, ही समजूत सर्वत्र आढळते व तिला दीर्घ अनुभवाचा आधारही आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूरसारख्या गावी चुलीत शेणाच्या गोवऱ्या, सरपण, तुराट्या, पऱ्हाट्या व उसाचे पाचट जाळले जाई. या राखेने भांडी घासत, कडधान्यांना कीड लागू नये म्हणून ती त्यांत मिसळत, भाजीपाल्यावर मावा पडल्यास ती त्यावर धुरळीत आणि उरलेली उकिरड्यातून शेतात जाई. वनस्पतिज इंधनाच्या राखेत मुख्यतः पोटॅशियम, कॅल्शियम व सिलिका यांची संयुगे असतात. त्यामुळे खत म्हणून तिचा उपयोग रास्तच होता. इंधन बदलल्यावर राखही बदलते, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. प्लॅस्टिक, रंगवलेले लाकूड, विजेच्या तारा व रबर यांच्या राखेचा रंग व स्पर्श चुलीच्या राखेसारखाच असू शकतो. हा भेद दाखविण्याचे काम रासायनिक विश्लेषणाने केले.

काजळीपासून बेंझोपायरिनापर्यंत : ज्वलनाच्या अवशेषांचा रोगाशी असलेला संबंध प्रथम काजळीच्या संदर्भात लक्षात आला. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांत पुढील आयुष्यात होणाऱ्या अंडकोशाच्या कर्करोगाचे कारण काजळी हे असल्याचे दाखवून दिले. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांवर डांबर वारंवार लावून कर्करोग निर्माण केला. डांबरातील बेंझोपायरीन हे कर्करोगकारक संयुग लंडन येथे कुक, ह्यूएट व हीगर यांनी १९३३ मध्ये वेगळे केले. अपुऱ्या ज्वलनात कार्बनी पदार्थांची वलये एकमेकांना जोडली जाऊन अशी संयुगे तयार होतात व काजळी आणि राख यांच्या कणांना चिकटून राहतात. त्यांवर उपाय म्हणजे ज्वलन पूर्ण करणे, असे मानले गेले. इंग्लंडमधील नॉटिंगॅम येथे १८७४ मध्ये शहराच्या कचऱ्यासाठी पहिली भट्टी उभारण्यात आली होती. पुढे उच्च तापमानाच्या, धूर कमी करणाऱ्या भट्ट्या बांधल्या गेल्या. त्यांच्या तळाशी साठणारी राख रस्त्यांखाली व भरावासाठी वापरण्यात येऊ लागली.

विश्लेषणसाधनांचा विकास : राखेतील लेशमात्र संयुगे ओळखण्यासाठी लागणारी साधने वेगवेगळ्या कामांसाठी तयार झाली होती. घन पदार्थातून विद्रावकाच्या साहाय्याने अंश काढून घेण्याचे उपकरण फ्रांट्स फोन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी तयार केले. मिश्रणातील बाष्पनशील घटक अलग करणारे वायु-वर्णलेखन ए. टी. जेम्स व ए. जे. पी. मार्टिन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. क्लोरीनयुक्त संयुगांना विशेष संवेदी असलेला इलेक्ट्रॉन-ग्रहण अभिज्ञातक जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये शोधून काढला. व्हिएटनाम युद्धात फवारलेल्या तणनाशकांत डायॉक्सिनाची अशुद्धी होती. तिचा मागोवा घेण्यासाठी हार्व्हर्ड विद्यापीठातील रॉबर्ट बॉमन व मॅथ्यू मेसेल्सन यांनी १९७३ मध्ये उच्च विभेदनशक्तीच्या द्रव्यमान वर्णपटमापकाचा उपयोग करून व्हिएटनाममधील माशांतील डायॉक्सिन एक लाख कोटी भागांत काही भाग इतक्या सूक्ष्म प्रमाणापर्यंत मोजले.

१० जुलै १९७६ रोजी इटलीतील मिलानजवळच्या सेव्हेसो गावाच्या परिसरात एका रासायनिक कारखान्यातून २, ३, ७, ८-टेट्राक्लोरोडायबेंझो-पॅरा-डायॉक्सिनाचा ढग पसरला. या घटनेने डायॉक्सिन हा शब्द सर्वतोमुखी झाला. तथापि त्या वेळेपर्यंत डायॉक्सिन हे विशिष्ट क्लोरीनयुक्त रसायनांच्या निर्मितीतील उपजात आहे, अशीच समजूत होती.

१९७७ चा शोध : ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील के. ऑली, पी. एल. फेरम्यूलन व ओ. हुट्झिंगर यांनी नेदर्लंड्समधील काही नागरी भट्ट्यांची उडती राख व धुराड्यातील वायू तपासले. त्यांत क्लोरीनयुक्त डायॉक्सिने व फ्यूराने लेशमात्र प्रमाणात असल्याचे त्यांनी १९७७ मध्ये जाहीर केले. पुढील वर्षी बूसर, बॉसहार्ट व राप यांनी स्वित्झर्लंडमधील राखेत तीच संयुगे ओळखली. १९७९ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात आइसमन, क्लेमंट व कॅरासेक यांनी भट्ट्यांच्या उडत्या राखेचे विस्तृत विश्लेषण करून तीत इतर अनेक कार्बनी संयुगेही असल्याचे दाखविले. कोणत्याही कारखान्यात न बनविलेली विषे सामान्य घरगुती कचऱ्याच्या ज्वलनातून तयार होतात, हे या संशोधनाने सिद्ध झाले.

यावर एक महत्त्वाचा वाद झाला. अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीने १९७८ मध्ये असे प्रतिपादन केले की, प्रत्येक अग्नीत डायॉक्सिने तयार होतात व ती मानवाला अग्नी सापडल्यापासून आहेत. या मताची परीक्षा तळ्यांतील गाळाच्या थरांनी केली. सुपीरियर सरोवरातील आइल रॉयाल बेटावर सिस्कीविट नावाचे तळे आहे. त्यात बाहेरचे पाणी वाहून येत नाही, प्रदूषके केवळ हवेतून पडतात. झुच्वा, मॅक्व्हीटी व हाइट्स यांनी १९८४ मध्ये तेथील गाळाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. डायॉक्सिनांचे प्रमाण सु. १९४० नंतरच्या थरांत ठळकपणे वाढलेले आढळले. लाकूड व कोळसा शतकानुशतके जळतच होते, १९४० नंतर वाढली ती क्लोरीनयुक्त कार्बनी पदार्थांची निर्मिती व त्यांचे ज्वलन. चुलीची राख आणि आधुनिक कचऱ्याची राख यांतील भेदाला अशा रीतीने निश्चित पुरावा मिळाला.

राखेतच होणारी निर्मिती : भट्टीच्या गाभ्यातील ८५०° से.हून अधिक तापमानात डायॉक्सिने पुरेशा वेळात नष्ट होतात. तरीही ती राखेत का सापडतात, हे कोडे जर्मनीतील कार्ल्झरूए येथे फोख व श्टीग्लिट्झ यांनी उलगडले. त्यांनी उडती राख प्रयोगशाळेत हवेच्या सान्निध्यात तापविली. सु. ३००° से. तापमानास तीतील डायॉक्सिनांचे प्रमाण घटण्याऐवजी अनेक पटींनी वाढले, तर ६००° से. तापमानास ती नष्ट झाली. हे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. राखेतील न जळालेला कार्बन, क्लोराइडे व ऑक्सिजन यांपासून तांब्याच्या संयुगांच्या उत्प्रेरणाने सु. २००° ते ४५०° से. या टप्प्यात ही संयुगे नव्याने तयार होतात. क्लोरोफिनॉलांसारख्या पूर्वगामी संयुगांपासूनही ती बनतात. म्हणजे ती ज्वालेपेक्षा धूर निवत असताना राखेच्या कणांवर अधिक तयार होतात. २००° ते ३००° से. तापमानात चालणारे स्थिरविद्युत् धूळसंग्राहक या निर्मितीस अनुकूल ठरतात, हे यावरून कळले. ट्यूबिंगेन येथील हागेनमायर यांनी १९८७ मध्ये दाखविले की, ऑक्सिजनाच्या अभावी तापविल्यास राखेतील हीच धातुसंयुगे डायॉक्सिनांचे विघटन घडवून आणतात.

यानंतर भट्ट्यांच्या रचनेत धूर जलद निववणे, चुन्याची फवारणी, सक्रियित कार्बन व कापडी पिशव्यांच्या गाळण्या यांचा अवलंब झाला. युरोपातील अनेक देशांत धुरातील डायॉक्सिने फार मोठ्या प्रमाणात घटली. मात्र सक्रियित कार्बन ती नष्ट करीत नाही, तर अधिशोषित करून राखेत आणतो. कचरा जाळल्यावर वजनाने सु. २० ते ३० टक्के तळराख व सु. २ ते ५ टक्के उडती राख उरते. डायॉक्सिनांचा मोठा भाग या दुसऱ्या, लहान हिश्शात असतो. म्हणून दोन्ही राखा एकत्र करणे धोक्याचे मानले जाते.

विश्लेषणाची पद्धत : राख एकजिनसी नसल्याने नमुना घेणे हीच पहिली अडचण असते. निरनिराळ्या वेळी घेतलेले नमुने एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवण्याची क्रिया पुन्हा पुन्हा केली जाते. नमुना वाळवून व दळून त्यात कार्बनाच्या १३ अणुभाराच्या समस्थानिकाने चिन्हित केलेली प्रमाणभूत संयुगे ज्ञात प्रमाणात मिसळतात. पुढील क्रियांत मूळ संयुगाचा जितका अंश वाया जाईल, तितकाच चिन्हित संयुगाचाही जात असल्याने शेवटी अचूक दुरुस्ती करता येते. विषद्रव्ये राखेच्या कणांत घट्ट अडकलेली असतात, म्हणून प्रथम विरल हायड्रोक्लोरिक अम्लाने चुना व इतर लवणे विरघळवून मग सॉक्सलेट उपकरणात टोल्यूइनाने कित्येक तास निष्कर्षण करतात. अम्लाची ही क्रिया वगळल्यास प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी भरू शकते. निष्कर्ष सिलिका, ॲल्युमिना व सक्रियित कार्बन यांच्या स्तंभांतून नेऊन शुद्ध करतात आणि लांब केशिका-स्तंभाच्या वायु-वर्णलेखकाला जोडलेल्या, १०,००० विभेदनशक्तीच्या द्रव्यमान वर्णपटमापकाने मोजतात.

डायॉक्सिनांचे ७५ व फ्यूरानांचे १३५ प्रकार संभवतात. त्यांपैकी २, ३, ७ व ८ या स्थानांवर क्लोरीन असलेले १७ प्रकार विशेष विषारी आहेत. त्यांची विषारिता सारखी नसल्याने प्रत्येकाला गुणक देऊन बेरीज करतात व तिला विषारिता-तुल्यांक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सुधारलेल्या गुणकांनुसार २, ३, ७, ८-टेट्राक्लोरो डायॉक्सिनाचा गुणक १, त्याच स्थानांवरील टेट्राक्लोरो फ्यूरानाचा ०·१ व ऑक्टाक्लोरो डायॉक्सिनाचा ०·०००३ आहे. एका कल्पित नमुन्यात दर किग्रॅ. राखेत ही संयुगे अनुक्रमे ४०, ५०० व १,००,००० नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) असल्यास तुल्यांक ४० + ५० + ३० म्हणजे १२० नॅनोग्रॅम येतो. वस्तुमानाने नगण्य असलेला पहिला घटक येथे विषारितेचा तिसरा हिस्सा व्यापतो. एकूण डायॉक्सिनांचा आकडा केवळ वजनात देणे अपुरे का ठरते, ते यावरून दिसते. या पहिल्या संयुगाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवी कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व गुणकांचे पुनर्मूल्यमापन केले.

राखेचा मार्ग : राखेचे विश्लेषण न करण्याचा परिणाम इंग्लंडमधील न्यूकॅसल-अपॉन-टाइन येथे दिसून आला. तेथील बायकर भट्टीची सु. २,००० टन राख १९९४ ते १९९९ या काळात शहरातील भाजीमळ्यांच्या पायवाटांवर पसरण्यात आली होती. तीत तळराख व उडती राख एकत्र होती. पुढे केलेल्या तपासणीत काही नमुन्यांत दर किग्रॅ.मध्ये ९,५०० नॅनोग्रॅम तुल्यांकापर्यंत डायॉक्सिने आढळली. मळ्यांत मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांतही ती उतरली होती. डायॉक्सिने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि माती टिपणाऱ्या कोंबड्या व चरणारी जनावरे यांच्या चरबीत साठून अंडी, दूध व मांस यांवाटे माणसापर्यंत पोहोचतात. जपानने १९९९ मध्ये केलेल्या खास कायद्यान्वये भूभरावात टाकावयाच्या भट्टीच्या राखेसाठी ग्रॅममागे ३ नॅनोग्रॅम तुल्यांक ही मर्यादा घातली. चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार २२ मे २००१ रोजी संमत झाला व १७ मे २००४ पासून अंमलात आला. त्यात कचऱ्याच्या भट्ट्या आणि कचऱ्याचे उघड्यावरील ज्वलन हे दोन्ही डायॉक्सिनांचे उगम म्हणून नमूद आहेत.

भारत व महाराष्ट्र : भारतात दिल्लीच्या तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने दररोज ३०० टन कचरा जाळणारा वीजप्रकल्प उभारण्यात आला. कचऱ्याचे उष्मांकमूल्य कमी पडल्याने तो अल्पावधीतच बंद पडला. रुग्णालयांच्या भट्ट्या मात्र वाढत गेल्या. १ मार्च १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील ५० व त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना भट्टी किंवा तत्सम साधन बसविण्याचा आदेश दिला. जैववैद्यकीय कचऱ्याच्या १९९८ च्या नियमांनी क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जाळण्यास मनाई केली. भारताने स्टॉकहोम करारावर १४ मे २००२ रोजी सही केली व १३ जानेवारी २००६ रोजी त्यास अनुसमर्थन दिले.

२०१६ मध्ये जैववैद्यकीय व घन कचऱ्याच्या नव्या नियमांनी धुरातील डायॉक्सिन-फ्यूरानांवर दर घ. मी.ला ०·१ नॅनोग्रॅम तुल्यांक अशी मर्यादा घातली. जैववैद्यकीय भट्ट्यांना हे मापन वर्षातून एकदा करणे आवश्यक ठरले. राखेसाठी मात्र वेगळी कसोटी होती. तळराखेतील एकूण कार्बनी कार्बन ३ टक्क्यांहून कमी किंवा तापविल्यावर होणारी वजनातील घट ५ टक्क्यांहून कमी असावी, आणि विषारी धातूंचे प्रमाण मर्यादेत असल्यास राख नागरी भूभरावात टाकता यावी, असे त्या नियमांचे स्वरूप होते. एकूण कार्बनी कार्बनाच्या चाचणीने ज्वलन किती पूर्ण झाले ते कळते, तथापि किलोग्रॅममागे नॅनोग्रॅमांत असणाऱ्या डायॉक्सिनांविषयी तीतून काहीच कळत नाही. धूर व राख यांना लावलेल्या मोजपट्ट्यांतील ही तफावत हा या विषयाचा गाभा आहे.

या विश्लेषणास लागणारी साधने महाग असल्याने देशात अशा प्रयोगशाळा मोजक्याच झाल्या. तिरुअनंतपुरम् येथील राष्ट्रीय आंतरविद्याशाखीय विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने यात पुढाकार घेतला. महाराष्ट्रात नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली व १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) या नावाने ओळखली जाणारी संस्था स्टॉकहोम कराराचे प्रादेशिक केंद्र म्हणून मान्यता पावली. तळोजे, रांजणगाव व बुटीबोरी येथे धोकादायक औद्योगिक कचऱ्याच्या सामाईक भट्ट्या व सुरक्षित भूभराव उभारण्यात आले. मुंबईत गोवंडी-देवनार येथील रुग्णालयीन कचऱ्याच्या भट्टीविरुद्ध रहिवाशांनी केलेल्या जनहितयाचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती दोन वर्षांत हलविण्याचा आदेश दिला. १ ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या कचऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्या मोशी येथील प्रकल्पाचे उद्घाटन झाले. वर्षाला सु. अडीच लाख टन कचरा वापरण्याची त्याची योजना असल्याने हजारो टन राखेची व्यवस्था हा त्याचा अटळ भाग ठरतो. सोलापूर महानगरपालिकेच्या क्षेत्रात याउलट ओल्या कचऱ्यापासून जैववायू व त्यावर वीज निर्माण करण्याचा मार्ग निवडण्यात आला. त्यात ज्वलनाची राख निघत नाही.

जाळल्याने पदार्थ नाहीसा होतो ही कल्पना किती फसवी आहे, ते भोपाळच्या विषारी कचऱ्यावरून दिसून आले. मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे २०२५ च्या पूर्वार्धात ३३७ टन कचरा जाळण्यात आला. चुना इ. द्रव्ये मिसळावी लागल्याने त्यातून ८०० टनांहून अधिक राख व अवशेष उरले.

ग्रामीण परिसर : भट्टीची राख निदान एका ठिकाणी गोळा होते, उघड्यावर पेटविलेल्या कचऱ्याची राख होत नाही. वेळापूर हे अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव आषाढी वारीत ज्ञानेश्वरांच्या पालखीचे मुक्कामाचे ठिकाण आहे. अशा गावांत एका मुक्कामात येणारा जनसमुदाय गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट असतो. पूर्वी मागे राहणाऱ्या पत्रावळी व पाचोळा यांची जागा आता पुष्कळ अंशी प्लॅस्टिक व मुलामा दिलेल्या कागदी वस्तूंनी घेतली आहे. असा कचरा ढीग करून पेटविल्यास तापमान कमी, हवा अपुरी व क्लोरीन उपलब्ध, अशी डायॉक्सिनांच्या निर्मितीस अनुकूल स्थिती तयार होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी कचरा उघड्यावर जाळण्यास देशभर बंदी केली व साध्या प्रकारासाठी ५,००० रु. आणि मोठ्या प्रमाणावरील ज्वलनासाठी २५,००० रु. भरपाई ठरविली.

याच ऊसपट्ट्यात राखेचा दुसरा एक प्रकार महत्त्वाचा ठरला आहे. साखर कारखान्यांच्या मद्यार्क प्रकल्पांतील सांडपाणी नदीनाल्यांत जाऊ नये म्हणून ते आटवून बगॅस किंवा कोळशाबरोबर बाष्पित्रात जाळण्याची पद्धत रूढ झाली. या राखेत पोटॅश भरपूर असते. किमान १४·५ टक्के पोटॅश असलेले असे खत २०२१ मध्ये केंद्र शासनाच्या अनुदानयोजनेत आले. पोटॅशची आयात कमी करणारा हा उपयोग निःसंशय हितावह आहे. मात्र मळीत क्लोराइडे असतात व राखेत न जळालेला कार्बन राहू शकतो. त्यामुळे पोटॅशच्या टक्केवारीबरोबर सेंद्रिय विषद्रव्यांचीही वेळोवेळी तपासणी केल्यास शेतकऱ्याला त्या खताची पूर्ण शाश्वती मिळेल.

राख शेताला परत देण्याची जुनी रीत योग्य होती, कारण जाळलेला पदार्थ शेतातूनच आलेला होता. जेथे ही अट पाळली जाते तेथे ती आजही योग्य आहे. जेथे ती मोडते, तेथे राखेला माती म्हणून स्वीकारण्यापूर्वी तिचे विश्लेषण करणे आवश्यक ठरते. त्याहून सोपा व स्वस्त मार्ग म्हणजे क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक मुळातच वेगळे काढून आगीपासून दूर ठेवणे.